घरातलं माणूस गेल्यावर काय वाचावं: कविता की ऐतिहासिक कादंबरी?

तेरावं होतं, पाहुणे परततात आणि संध्याकाळचं घर खायला उठतं. अशा वेळी आईपाशी, आत्यापाशी बसून काही वाचून दाखवावं असं मनात आलं की प्रश्न पडतो, कविता घ्यावी की ऐतिहासिक कादंबरी? ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत दोन्ही पुस्तकं फळीवर हमखास असतात. बाबा गेले त्या वर्षी आईसाठी मी दोन्ही वाचली. तेव्हापासून कुणी विचारलं तर जे सांगतो तेच इथे लिहितो. घराघरांत माणसं वेगळी, दुःखही वेगळं, तेव्हा हे ज्याने त्याने आपल्या घरापुरतं ताडून पाहावं.

कादंबरीची मोठी सोय म्हणजे ती बरेच दिवस पुरते. रोज संध्याकाळी कुठे बसायचं, काय करायचं हे ठरून जातं. शिवाय पानिपत हे ग्वाल्हेरकरांना लांबचं वाटतच नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष राणोजी, त्यांचे पाच मुलगे. जयाप्पा 1755 मध्ये नागोरपाशी दग्याने मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी पानिपतावर तुकोजी गेले आणि जयाप्पांचा कोवळा जनकोजी हाती लागून मारला गेला. पाच भावांतले एकटे महादजी उरले, तेही पायाला जबर जखम घेऊन. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणलं आणि महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानलं. हे ऐकताना आई मध्येच म्हणाली, "एकाच घरातली रे एवढी सगळी?" त्या दिवसांत आपल्याबाहेरच्या कुणाच्या दुःखाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. कादंबरीचं हे देणं मी कमी लेखणार नाही.

आणखी एका बाबतीत कादंबरीला तोड नाही. पानिपतावर मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ रणात पडले, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पुढे भाऊंचा तोतयाही उभा राहिला. ज्या घराला शेवटचं तोंडही पाहायला मिळालेलं नाही, बंद पिशवीतच माणूस परस्पर स्मशानात गेलं, त्या घराला ही बाई कळते. करोनात असं झालेली घरं आमच्या गल्लीतही आहेत. तिथे मी कादंबरीच सुचवतो.

पण आमच्याकडे गाडी अडली ती थेऊरला. माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' ही कादंबरी आईची तरुणपणापासूनची आवडती. माधवराव 1772 मध्ये थेऊरलाच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने गेले. दुखणं लांबलं, त्यामुळे निरोपाला वेळ मिळाला. ऐतिहासिक कादंबरीत बहुधा असंच असतं: जाणारा बोलून जातो, आणि बोलतोही सुंदर. बाबा गेले आयसीयूत, नाकातोंडात नळ्या, आई बाहेरच्या बाकावर. घरून निघताना ते एवढंच म्हणाले होते, "गॅस बंद केलास ना?" थेऊरची पानं वाचत असताना आईने विचारलं, "ते काही बोलले का रे आत? नर्सने काही सांगितलं का?" मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं. मग पुढे रोजच. आपल्या वाट्याला निरोप आला नाही, ही रुखरुख त्या पानांनी जागी केली आणि ती निजेना. लेखणीचा दोष नाही, ती थोरच आहे. पण पुस्तक मी फळीवर ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

कवितेत शेवटचं बोलणं लागत नाही. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, 1941 मध्ये इथेच वारले, म्हणून मी आमच्या माणसाकडे झुकतोय असं कुणी म्हणेल तर म्हणो. 'जन पळभर म्हणतील हाय हाय' वाचायला मी कचरत होतो. सगेसोयरे डोळे पुसतील, कामाला लागतील, हसतील-खिदळतील, हे ताज्या दुःखात कसं वाचायचं? आत्याला तर ते मुळीच रुचलं नाही, ती उठून आत गेली. आई मात्र ऐकत राहिली. बाहेरच्या खोलीत भेटायला आलेली मंडळी प्लॉटचे भाव काढतात, कुणाच्या मुलीचं स्थळ सांगतात, हे ती रोज पाहत होती आणि मनात कुढत होती. "खरंच आहे की," म्हणाली, आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना स्वतः चहा केला.

तांब्यांचंच 'मावळत्या दिनकरा' तर आईला चालीसकट येतं. पुस्तक लागत नाही, चष्मा लागत नाही, कुणी भेटायला आलं तर अर्ध्यावर थांबता येतं. कादंबरीत कोण कुणाचा पुतण्या हे दर वेळी पुन्हा सांगावं लागायचं. उगवत्याला सगळेच नमस्कार करतात, मावळत्याला दोन्ही हात जोडून अर्घ्य देणारा हा एकच. बाबा निवृत्त झाल्यावर घरी येणारी माणसं कशी आटत गेली ते आम्ही पाहिलेलं होतं, म्हणूनही असेल, ती कविता आमच्या घराला धरून बसली.

कविता सरसकट सोपी असते असं मात्र समजू नका. गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' थोर आहे, पण मूल गेलेल्या घरात ती वाचू नये. मेलेल्या बाळाला निजलेलं समजणारी ती आई समोरच्या आईला सोसणार नाही. यशवंतांची 'आई' लहान मुलांसमोर जपून वाचावी. घरात चौदा-पंधरा वर्षांचा नातू असेल आणि तो रडतही नसेल, बोलतही नसेल, तर त्याच्या हाती पानिपतावरची कादंबरी द्या; त्या वयाला लढाईच्या आडून रडता येतं. आमच्या भाच्याला तिचाच आधार झाला. बायकोला, आईला, बहिणीला वाचून दाखवायचं असेल, तर तांब्यांची समग्र कविता काढावी, आणि पहिल्या दिवशी 'मावळत्या दिनकरा'पुरतंच थांबावं.