भोसरीत घडलेला ॲपल-१ चा बोर्ड: एका पीसीबी कारखान्याच्या कामाचे परीक्षण

जुन्या संगणकाची प्रतिकृती करायची म्हटली की लोक आधी आयसींची (चिपांची) चौकशी करतात. १९७६ सालच्या ॲपल-१ च्या, म्हणजे ॲपल कंपनीच्या पहिल्या संगणकाच्या, बाबतीत मीही तेच केले आणि वर्षभरात बहुतेक आयसी जमवल्या. खरी अडचण आली ती बोर्डाची (पीसीबीची), म्हणजे आयसी जिच्यावर बसवून तांब्याच्या रेघांनी एकमेकींना जोडतात त्या पाटीची. मूळ बोर्डासारखा दिसणारा बोर्ड करून देणारे पुष्कळ भेटतात. मूळ बोर्ड ज्या रीतीने घडला त्या रीतीने घडवून देणारे फार थोडे. भोसरी एमआयडीसीतील एका लहान पीसीबी कारखान्याने मला असे पाच बोर्ड करून दिले, त्या कामाचे हे परीक्षण आहे. कारखान्याचे रोजचे काम वाहनांच्या सुट्या भागांशी संबंधित आहे आणि एकेकट्या हौशी गिऱ्हाइकांची कामे ते ओळखीतूनच घेतात, म्हणून नाव छापू नये अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळली आहे.

मूळ वस्तू काय होती हे आधी सांगायला हवे, कारण कामाची पारख त्यावरच अवलंबून आहे. ॲपल-१ हा साधारण साडेपंधरा इंच लांब आणि नऊ इंच रुंद असा दोन थरांचा एकच बोर्ड. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी त्याचे सर्किट रचले आणि तो ६६६.६६ डॉलरला विकला गेला; सुमारे २०० च बोर्ड तयार झाले. पेटी, कळफलक, ट्रान्सफॉर्मर आणि पडदा गिऱ्हाइकाने आपले आपण आणायचे. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा संगणकावर आखलेल्या नव्हत्या. अटारी कंपनीत बोर्डांची आखणी करणारे हॉवर्ड कँटिन यांनी ती आखणी हाताने केली होती. त्या काळी पारदर्शक फिल्मवर काळी टेप आणि गोल चकत्या मोठ्या आकारात चिकटवत, मग त्याचा फोटो घेऊन तो खऱ्या मापावर आणत. त्यामुळे या बोर्डावर ट्रॅक, म्हणजे त्या तांब्याच्या रेघा, वळताना सरळ कोनात मोडत नाहीत, हाताने वाकवलेल्या टेपसारखे सैल वळण घेतात. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन ट्रॅकमधले अंतर कुठे केसभर वाढते, कुठे कमी होते. उपलब्ध छायाचित्रांवरून मी हे सगळे ट्रॅक आठ महिने एकेक करून संगणकात उतरवले, आणि टेप जिथे हलली असेल तिथे माझी रेघही मुद्दाम तशीच ठेवली.

हीच फाइल मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. तिथल्या माणसांनी काम वेळेत दिले, पण त्यांच्या कॅम विभागाने, म्हणजे उत्पादनासाठी फाइल तयार करणाऱ्या विभागाने, फाइल ‘स्वच्छ’ केली. जिथे दोन ट्रॅक जवळ आले होते तिथे एक बाजूला सरकवला, पॅडना (आयसीचे पाय जोडायच्या तांब्याच्या चकत्यांना) थेंबासारखे टोक जोडले, वळणे पंचेचाळीस अंशांत बसवली आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या शाईत स्वतःचे चिन्ह व तारखेचा कोड छापला. विजेच्या दृष्टीने त्या बोर्डात काहीही चूक नव्हती. मात्र माझ्या आठ महिन्यांपैकी त्यावर काय उरले हे मला शोधावे लागले. रोजच्या उत्पादनात या सुधारणा योग्यच आहेत, म्हणून त्यांना दोष देण्यापेक्षा इतकेच नोंदवते की प्रतिकृतीच्या कामात न विचारता केलेली सुधारणा हे नुकसानच असते.

भोसरीच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी फरक जाणवला. त्यांनी फाइल ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी मला फिल्म पाहायला बोलावले. फिल्म विभागात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी फिल्म दिव्याच्या टेबलावर पसरली, डोळ्याला भिंग लावले आणि मेमरीच्या आयसींच्या खालून जाणाऱ्या ट्रॅकच्या गठ्ठ्यावरून हळूहळू सरकत एका जागी थांबले. “मॅडम, ही रेघ इथे ओढली गेलीय. टेप चिकटवताना ताणली की ती नंतर आकसते आणि वळणावर अशी आत येते. हे असंच ठेवायचं ना?” मी हो म्हटल्यावर त्यांनी त्या जागेभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून बाजूला ‘दुरुस्त करू नये’ असे लिहिले. अशा अकरा जागा त्यांनी शोधल्या. त्यातल्या दोन ठिकाणी मात्र हलली होती ती मूळची टेप नव्हती, माझाच माऊस सरकला होता, आणि छायाचित्राशी ताडून आम्ही त्या दोन्ही तिथेच दुरुस्त केल्या. तरुणपणी काकांनी स्वतः अशा टेपा चिकटवल्या आहेत. या कारखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांची ही नजर, आणि दरपत्रकात तिचा उल्लेख कुठेही सापडणार नाही.

दुसरी बाब मास्कखालच्या, म्हणजे बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक थराखालच्या, धातूची. सत्तरच्या दशकात तांब्याच्या ट्रॅकवर कथील-शिशाचा मुलामा चढवून बाकीचे तांबे रसायनाने खाववत आणि पुष्कळदा तो मुलामा तसाच ठेवून त्यावर मास्क देत. पुढे बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून गेला की मास्कखालचा मुलामा वितळे आणि हिरव्या थराला संत्र्याच्या सालीसारख्या सुरकुत्या पडत. आजची पद्धत वेगळी आहे. आता मुलामा फक्त तांबे खाववेपर्यंत ठेवतात, नंतर तो काढून टाकतात आणि मास्क उघड्या तांब्यावर बसतो. त्यामुळे नवा बोर्ड कितीही काळजीपूर्वक आखलेला असला तरी मास्क काचेसारखा गुळगुळीत असतो आणि खालचे तांबे हिरव्यातून तांबूस झाक देते. जाणकार माणूस हे हातभर अंतरावरून ओळखतो.

मी ही अडचण सांगितली तेव्हा मालकांनी क्षणभर विचार करून विचारले की मुलामा काढायची पायरीच गाळली तर चालेल का. त्यांच्या टाकीत शुद्ध कथील असते, शिसे नसते, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले; आणि पुढे गरम हवेने पॅडवर सोल्डर चढवण्याची पायरीही गाळावी लागेल, नाहीतर मास्कखालचे कथील कारखान्यातच वितळेल, हेही सांगितले. परिणाम उत्तम आला. मास्कखाली ट्रॅक फिकट चंदेरी दिसतात आणि मी सोल्डर केलेल्या सांध्यांच्या कडेला, विशेषतः व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या जाड पॅडभोवती, बारीक सुरकुत्या आपोआप उमटल्या. पूर्ण बोर्डावर मात्र त्या येत नाहीत. कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांना वितळते, शुद्ध कथिलाला २३२ अंश लागतात, आणि हातातल्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता सांध्यापासून फार लांब जात नाही.

याच ठिकाणी एक इशाराही द्यायला हवा. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून काळाच्या ओघात केसासारखे धातूचे तंतू फुटू शकतात आणि जवळच्या दोन ट्रॅकमध्ये शॉर्ट होऊ शकतो. शिसे मिसळले की हा धोका बराच कमी होतो. वर्षातून काही तास चालवायच्या बोर्डासाठी मी ही जोखीम पत्करली. रोज चालवायचा बोर्ड असेल तर मुलामा काढूनच घ्यावा, असे माझे मत आहे.

पांढरी छपाई सुबक आहे. आयसींच्या जागा सांगणारी अक्षरे आणि आकडे ठसठशीत उमटले असून अक्षरांची वळणे यंत्रातल्या टंकासारखी झालेली नाहीत. एका बोर्डावर छपाई साधारण अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकली आहे. पाठीमागे कोपऱ्यात ‘प्रतिकृती, पुणे’ हे शब्द तांब्यातच कोरून घ्यावेत असा माझा आग्रह होता, म्हणजे ते खरवडल्याशिवाय जाणार नाहीत. २०१४ साली न्यू यॉर्कला बॉनहॅम्सच्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयाने एक मूळ बोर्ड ९,०५,००० डॉलरला घेतला. वस्तूला इतकी किंमत येत असताना निनावी हुबेहूब नक्कल बाजारात सोडणे मला पटत नाही. मालकांनी यासाठी वेगळे पैसे लावले नाहीत. उलट, हे शब्द नसते तर काम घेताना दोनदा विचार केला असता, असे ते म्हणाले.

खर्चाचा हिशेब असा: पाच बोर्डांचे ११,५०० रुपये, फिल्म आणि ड्रिलची तयारी ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,११० रुपये. तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले. उशिराचे कारण त्यांनी स्वतः फोन करून कळवले: तपासणीत एका बोर्डावरचे एक प्लेटेड होल, म्हणजे आतून तांब्याचा मुलामा दिलेले भोक, आतून तुटलेले निघाले आणि तो बोर्ड त्यांनी नव्याने केला.

मोठा दोष एकच आहे, पण तो जोडणीच्या वेळी फार छळतो. माझ्या फाइलमध्ये भोकांची मापे मुलामा चढल्यानंतरची होती. कारखान्याने ती ड्रिलची मापे धरली. आत तांबे बसल्यावर प्रत्येक भोक सुमारे एक दशांश मिलिमीटरने लहान झाले. आयसींची सॉकेट बसली. एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या डायोडचे जाड पाय मात्र बसेनात, ते कानशीने घासून बारीक करावे लागले. फाइलबरोबर जोडलेल्या कागदावर मी हे माप कोणते ते लिहिलेले होते, त्यामुळे ही चूक त्यांचीच, आणि त्यांनी ती मान्य केली. यापुढे काम देणाऱ्याने कागदावर विसंबू नये. ‘फिनिश्ड होल’ (मुलाम्यानंतरचे भोक) हे शब्द समोर बसून बोलून घ्यावेत.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगते. भारतात २३० व्होल्टवर चालतील असे ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गुंडाळून घ्यावे लागतात: एक ८ ते १० व्होल्ट, ३ अँपिअरचा आणि दुसरा २८ व्होल्ट, मध्ये टॅप असलेला, १ अँपिअरचा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ एका कारागिराने दोन्ही चार दिवसांत दिले. प्रोसेसर जुना ६५०२ च घ्यावा. आज बनणाऱ्या ६५सी०२ मध्ये पहिली पिन ग्राउंड नसून आउटपुट आहे, आणि जुन्या बोर्डावर ती थेट ग्राउंडला जाते. सर्वांत दुर्मीळ आयसी म्हणजे पडद्यावरची अक्षरे लक्षात ठेवणारे २५०४ शिफ्ट रजिस्टर. ती सात लागतात आणि हाताळताना अंगातल्या स्थिर विजेने सहज मरतात. पडद्यासाठी जुन्या बाजारात मिळालेला सीसीटीव्हीचा कृष्णधवल मॉनिटर वापरला. या बोर्डाचे चित्र अमेरिकन पद्धतीने सेकंदाला ६० वेळा रंगते, आपल्याकडचे मॉनिटर ५० चे, म्हणून चित्र वर पळत होते. मागचा व्हर्टिकल होल्डचा स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर ते थांबले.

आधी सर्व आयसी काढून बोर्डाला वीज दिली आणि चारही व्होल्टेज मोजली: अधिक ५, अधिक १२, उणे ५, उणे १२. सगळी जागच्या जागी होती. आयसी बसवून पुन्हा वीज दिली आणि पडदा अधोरेषा व ‘ॲट’च्या चिन्हांनी भरून गेला, त्यातली ‘ॲट’ची चिन्हे एकसाथ मिटत-उघडत होती. या यंत्राचे जागे होणे असेच असते, हे वाचून माहीत होते; तरीही पदविकेच्या वर्षी ८०८५ प्रोसेसरच्या शिकाऊ किटवर पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा हात जसे थरथरले होते, तसेच आताही थरथरले. क्लिअर दाबले, रिसेट दाबले आणि डाव्या कोपऱ्यात उलटी तिरपी रेघ आली. त्या रेघेमागे वॉझ्निअॅक यांचा २५६ बाइटचा ‘मॉनिटर’, म्हणजे मेमरीत आकडे भरण्याचा व वाचण्याचा मूळ प्रोग्रॅम, असतो. मूळ पुस्तिकेत तपासणीसाठी दिलेला अकरा बाइटचा प्रोग्रॅम मी बोटाने एकेक आकडा दाबून भरला: शून्यापासून सुरुवात करायची, अक्षर छापायचे, आकडा एकने वाढवायचा, पुन्हा छापायचे. सेकंदाला सुमारे साठ अक्षरे या गतीने पडदा भरत गेला आणि वर सरकत राहिला. अर्धा तास मी तो बंद केला नाही. ट्रॅकपैकी एकही तुटलेला नव्हता, एकही शॉर्ट नव्हता.

डायोडच्या भोकांबद्दल बोलायला मी परत भोसरीला गेले तेव्हा ती ड्रिलने मोठी करून मिळतील का, असे विचारले. काकांनी मान हलवली. “भोक मोठं केलं तर आतलं तांबं निघून जाईल, मग वरचा ट्रॅक आणि खालचा ट्रॅक जोडलेलेच राहणार नाहीत. त्यापेक्षा नवाच करू.” मालकांनी दोन बोर्ड विनामूल्य पुन्हा करायला घेतले आहेत. या वेळी लाल पेन्सिलीने गोल केलेली फिल्म ड्रिल विभागातही लावली आहे आणि तिच्यावर काकांच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘माप मुलाम्यानंतरचे’. बोर्ड पुढच्या आठवड्यात मिळायचे आहेत.