फुकटचा शेक

एसटीची गाडी तीस वर्षं चालवली. ड्रायव्हरची कंबर काय असते ते ड्रायव्हरलाच ठाऊक. मुक्कामी गाडी करून घरी आलो की आई तव्यावर जाडं मीठ भाजायची, धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधून शेकायची. कधी निर्गुंडीचा पाला, पुढं रबरी पिशवी. शेकानं बरं वाटतं हे मला कुणी पटवायची गरजच नव्हती, आणि नेमका तिथंच मी फसलो.

निवृत्तीनंतर सिलिंडर उचलताना उसण भरली. त्याच सुमारास तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलात मोफत थेरपी सेंटर निघालं होतं. पाठीखालून गरम दगडी गोटे फिरणारे पलंग, चाळीस मिनिटं, एक पैसा नाही. सकाळी सहाला टोकनची रांग. तिथली पोरं वाकून नमस्कार करायची, "बाबा, आज कसं वाटतंय?" विचारायची. घरात एवढ्या आपुलकीनं कोण विचारतं? मग माइक फिरायचा. ज्याला फरक पडला त्यानं उठून सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या. आठवड्याभरात मीही उठलो. खोटं नाही बोललो, कंबर खरंच मोकळी झाली होती.

दीड महिना विकायचं कुणी नावही काढलं नाही. मग एके दिवशी सेंटर हलणार असं कळलं आणि गादी पुढं आली. किंमत १ लाख १८ हजार, आजच भरले तर ९५. तापल्यावर तिच्यातून निघणारी किरणं हाडापर्यंत जातात, मणक्यातली सरकलेली गादी जागेवर बसते, साखरही उतरते म्हणे. रोखच हवी होती. मी ठेव मोडली. बँकेतल्या मुलीनं विचारलं, "काका, एवढी रोख कशाला?" मी सांगितलं, स्लॅब टाकायचाय. का खोटं बोललो? कुठंतरी कळत असणार.

मंडळींना साखर आहे, पायाला बधिरपणा. त्या गादीवर तासभर झोपल्या आणि टाचेला हा एवढा फोड. चटका बसतोय हे कळलंच नाही.

सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जखम बघून आधी मलाच झापलं. किरणं कातडीतच जिरतात, म्हणाल्या, काम गरम पाण्याच्या पिशवीएवढंच. शेकानं आखडलेले स्नायू सैल होतात, थोडा वेळ दुखणं दबतं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ साली नव्या कंबरदुखीला गोळीआधी शेकासारखे उपाय सुचवलेत, हेही त्यांनीच सांगितलं. पिशवी टॉवेलात गुंडाळायची, पंधरा-वीस मिनिटं पुरे, अंगाखाली घेऊन झोपायचं नाही. पायात जोर कमी वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर शेकत न बसता लगेच दवाखाना गाठायचा. आणि उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तेव्हा त्या फुकटच्या दीड महिन्याचा हिशेब मला लागला.

ओळखीच्या वायरमननं गादी उसवली. आत तापणारी तार, थर्मोस्टॅट, वर दगडाच्या चकत्या. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी पहिलं बिल मागितलं. माझ्याकडं 'सदस्यता' छापलेला कागद, ना पत्ता ना जीएसटी नंबर. हॉलला कुलूप, फोन बंद.

परवा शेजारच्या तालुक्यात तशीच रांग दिसली. रांगेत आमच्याच डेपोचा जुना कंडक्टर. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मला फरक आहे ना, ड्रायव्हरसाहेब!"

फरक होताच. टोकन हातात धरून तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.