‘दुर्बिणीने करू’ म्हणजे नक्की काय? अकॅलेशियाचे इलाज शेजारी ठेवून

मामाचे रिपोर्ट आले आणि घरात दोन तट पडले. डॉक्टर म्हणाले होते, “दुर्बिणीने करू.” मामीला वाटलं, पोटाला चार-पाच भोकं पाडून करतात ते. मामेभाऊ म्हणाला, छे, तोंडातून नळी घालून. चूक कुणाचीच नव्हती. मराठीत लॅप्रोस्कोपी हीही दुर्बीण आणि एंडोस्कोपी हीही दुर्बीण, आणि मामाच्या अकॅलेशियात, म्हणजे अन्ननलिकेचं खालचं टोक सैलच न पडण्याच्या आजारात, नेमके हे दोन पर्याय समोरासमोर येतात. तिसरा फुग्याचा, तोही दुर्बिणीच्याच मदतीने. म्हणून निवड करायला बसलेल्या माणसाने आधी एवढं विचारावं: दुर्बीण तोंडातून की पोटातून, आणि आत गेल्यावर कापणार की फुगवणार?

त्याच्याही आधी आजार तोच आहे ना, हे पक्कं व्हायला हवं. आपण गिळतो तेव्हा अन्ननलिकेचे स्नायू वरून खाली लाट सोडतात आणि खालच्या टोकाचं स्नायूंचं कडं त्या वेळेपुरतं सैल पडतं. अकॅलेशियात कड्याला ‘सैल हो’ असा निरोप देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. लाट मोडते, कडं आवळलेलंच राहतं. वर्षाला लाखात साधारण एकाला हा आजार नव्याने होतो. त्यामुळे कित्येक फॅमिली डॉक्टरांच्या पाहण्यात असा पेशंट आलेलाच नसतो, आणि आपल्याकडे छातीतल्या प्रत्येक दुखण्याला ‘पित्त’ म्हणायची सोय आहेच. मामा तीन वर्षं पित्ताच्या गोळ्या खात होता. जेवताना मधेच उठायचा, दोन्ही हात वर करून पाठ ताणायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा, मग घास खाली उतरायचा. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रात्रीच्या भाताची शितं दिसायची. ती आंबट नसायची. जठरापर्यंत पोचलेलीच नसायची, तर आंबट होणार कशी! मामीने हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा तपासण्यांची दिशा बदलली.

ओळखायची खूण अशी: नुसती भाकरी अडकत असेल आणि पाणी सरळ जात असेल, तर वाट कशाने तरी अरुंद झाल्याचा संशय घेतात. घन आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडत असेल, तर दोष हालचालीत असण्याची शक्यता जास्त.

तपासण्या तीन, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. एंडोस्कोपी आजाराच्या सुरुवातीला अगदी नॉर्मल येऊ शकते. ती करायची मुख्यतः गाठ नाही ना हे बघायला. वय साठीच्या पुढे, तक्रार काही महिन्यांचीच आणि वजन झपाट्याने उतरलेलं असेल, तर जठराच्या तोंडाशी असलेला कॅन्सर अकॅलेशियाचं सोंग घेऊ शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी तपासणी बेरियमची. पांढरं औषध पिऊन १, २ आणि ५ मिनिटांनी एक्स-रे काढतात आणि अन्ननलिकेत किती उंचीपर्यंत औषध साठून राहिलं ते मोजतात. इलाजानंतर तुलना करायला हाच आकडा कामी येतो, म्हणून ती फिल्म जपून ठेवा.

तिसरी मॅनोमेट्री, आणि सगळ्या निर्णयाची किल्ली तिच्यात आहे. नाकातून बारीक नळी घालतात, तिच्यावर ओळीने दाब मोजणारे सेन्सर असतात. आडवं झोपवून चमचाभर पाण्याचे दहा घोट एकेक करून गिळायला लावतात. गुंगी देत नाहीत, कारण गिळायचं आपल्यालाच असतं. नळी घशातून उतरते तो अर्धा मिनिट वाईट, नंतर सुसह्य. मामाच्या डोळ्यांतून मात्र शेवटपर्यंत पाणी गळत होतं. पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात आणि त्यावरून प्रकार ठरतो. पहिल्या प्रकारात अन्ननलिका निपचित असते. दुसऱ्यात लाट नसते, पण सगळ्या अन्ननलिकेत एकदम दाब भरतो. तिसऱ्यात अन्ननलिकेच्या खालच्या भागात अवेळी, जोरकस आकडी येते. तिन्ही प्रकारांत दुसरा इलाजाला सर्वांत चांगला जुमानतो आणि तिसरा सर्वांत कमी. रिपोर्टवर प्रकार लिहिलेला नसेल तर तो विचारून घ्या. प्रकार माहीत नसताना इलाज ठरवणं मला तरी पटत नाही.

आता इलाज. एक कडू गोष्ट आधी ऐकून ठेवायची: मेलेल्या चेतापेशी यांतला कुठलाही उपाय परत आणत नाही. सगळे फक्त कडं ढिलं करतात, पुढे अन्न आपल्या वजनानेच उतरायचं. आणि कडं ढिलं झालं की जठरातलं आम्ल वर यायला वाट मोकळी. त्यामुळे कुठली जखम लहान, एवढ्यावरच तुलना करून भागत नाही. नंतर काय सोसायची तयारी आहे, तेही बघावं लागतं.

फुगा हा सर्वांत जुना विचार. १६७४ साली इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी व्हेलबोनच्या लवचिक काडीला स्पंज लावून एका रुग्णाचं अन्न खाली ढकलण्याची सोय केली होती. आज ३० मिलिमीटरचा फुगा कड्यात बसवून हवेने फुगवतात, गरज पडली तर काही आठवड्यांनी ३५ चा. कड्याचे तंतू ताणून फाटतात. पोटावर जखम नाही, बहुधा एखाद्या दिवसात घरी. मुख्य धोका अन्ननलिका फाटण्याचा. युरोपातल्या २०१ रुग्णांच्या चाचणीत तो फुग्याच्या गटात ४ टक्के होता. म्हणून त्या दिवशी छातीत जोराची कळ आली किंवा ताप चढला, तर ‘होईल कमी’ म्हणत घरी बसू नका. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत फुग्याचा परिणाम तितका टिकत नाही, हेही डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

पोटातून दुर्बीण म्हणजे हेलर मायोटॉमी. जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ साली पोट उघडून केलेलं ऑपरेशन आज लॅप्रोस्कोपीने होतं. कड्याचा स्नायू बाहेरून उभा कापतात, आतलं अस्तर शाबूत ठेवतात. शिवाय जठराचा थोडा भाग वर गुंडाळून आम्लाला आडोसा करून देतात. हा आडोसा फक्त याच इलाजात मिळतो.

तोंडातून दुर्बीण घालून कापणं म्हणजे पोएम. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली ते माणसावर पहिल्यांदा केलं. अस्तराला आतून छोटी चीर देऊन त्याखालून बोगदा काढतात, बोगद्यातून स्नायू कापतात आणि चीर क्लिपांनी मिटवतात. भूल पूर्ण द्यावी लागते. बाहेर व्रण नसल्यामुळे लोक याला ‘ऑपरेशन नाही’ म्हणतात, पण स्नायू कापला जातोच. भारतात हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत याचा मोठा अनुभव जमा झालाय.

आकडे शेजारी ठेवू. युरोपातल्या त्या चाचणीत २ वर्षांनी फुगा ८६ टक्के रुग्णांत यशस्वी, हेलर ९० टक्क्यांत. ५ वर्षांनी ८२ आणि ८४. म्हणजे जवळजवळ बरोबरी. मात्र फुगा घेतलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला या काळात पुन्हा फुगवून घ्यावं लागलं. २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत फुगा ५४ टक्के आणि पोएम ९२ टक्के. हे वाचून मामेभाऊ उडालाच: “बघा, फुगा बाद!” थोडं थांबायला हवं. पहिल्या चाचणीत नंतर पुन्हा फुगवणं हा उपचाराचाच भाग धरला होता, दुसऱ्या चाचणीत सुरुवातीच्या फुग्यांनंतर ती गरज पडली की अपयश. फुगा तोच, मोजमाप वेगळं. आणि त्याच दुसऱ्या चाचणीत आम्लाने अन्ननलिका सोलवटल्याचं पोएमनंतर ४१ टक्के रुग्णांत दिसलं, फुग्यानंतर ७ टक्क्यांत. पोएम आणि हेलर यांची थेट तुलना झाली तेव्हा २ वर्षांचं यश ८३ आणि ८२ टक्के. अन्ननलिकेचा दाह पोएममध्ये ४४ आणि हेलरमध्ये २९ टक्के.

माझं मत असं. तिसरा प्रकार असेल तर फार घोळ घालू नका, पोएमकडे जा. तिथे लांबपर्यंत स्नायू कापावा लागतो आणि पोटातून तेवढं वर पोचता येत नाही. पहिला किंवा दुसरा प्रकार असेल तर तिन्ही चालतात. वय तिशीचं, पुढे चाळीस वर्षं जगायची आणि रोज आम्लाची गोळी नको, तर हेलर. बाहेरची जखम नको आणि गोळीचं वावडं नाही, तर पोएम. चाळिशी-पन्नाशी उलटलेली, दुसरा प्रकार आणि पुन्हा एकदा यायची तयारी, तर फुगा अजिबात कमी प्रतीचा नाही. तो स्वस्तही पडतो. कड्याचा स्नायू सैल पाडणारं बोटॉक्सचं इंजेक्शन सहा महिने ते वर्षभर टिकतं. भूल झेपणार नाही अशा थकल्या माणसासाठी ते ठेवावं, तरण्या पेशंटला ‘आधी सोपं करून बघू’ म्हणून देऊ नये. मायोटॉमी पुढे करायची वेळ आलीच, तर ते अडचणीचं ठरू शकतं. आणि कुठलाही पर्याय निवडलात तरी हे काम तुमचे डॉक्टर वर्षाला किती वेळा करतात, ते विचारायला संकोचू नका.

मामा ६१ चा, दुसरा प्रकार. त्याने फुगा निवडला. एकदा ३० चा, महिन्याभराने ३५ चा. गिळायला त्रास, अन्न वर येणं, छातीत दुखणं आणि वजन घटणं यांना प्रत्येकी ० ते ३ असे गुण देतात. त्याची बेरीज १२ पैकी ९ होती, ती २ वर आली. भाकरी अजून आमटीत कुस्करूनच खातो, रात्रीचं जेवण साडेसातला उरकतो. हात वर करून उभं राहणं मात्र सुटलंय. मामी अभ्रे आता आठवड्यानेच बदलते.