सायबरपंक २०७७ : गेम सुधारला, पण कोणासाठी?

सायबरपंक २०७७ हा व्हिडिओ गेम आज विकत घ्यावा का, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घरी कोणते यंत्र आहे यावर ठरते. आणि नेमके हेच वाक्य १० डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे हा गेम बाजारात आला त्या दिवशी, त्याच्या खोक्यावर छापलेले असते, तर पुढचे बरेचसे रामायण टळले असते. आजच्या आवृत्तीबद्दल माझे मत चांगले आहे आणि ते पुढे सविस्तर येईलच. परंतु खेळाडूंचा त्या वेळचा संताप समजून घेतल्याशिवाय या गेमचे परीक्षण पुरे होत नाही, कारण तो संताप केवळ बगांबद्दल, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांबद्दल, नव्हता.

पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने हा गेम मे २०१२ मध्ये जाहीर केला. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या झलकीत प्रकाशनाची तारीख दिलेली नव्हती, तर गेम तयार होईल तेव्हा येईल, एवढेच सांगितले होते, आणि त्या वेळी खेळाडूंना ते फार आवडले होते. पुढे २०१५ मध्ये याच कंपनीचा विचर ३ हा गेम आला. मोठा, नेटका, लहानमोठ्या १६ जादा गोष्टी नंतर विनामूल्य देणारा तो गेम आणि कॉपी-संरक्षणाच्या कटकटीशिवाय गेम विकण्याचे कंपनीचे धोरण यांमुळे या कंपनीची गणना ग्राहकाची बाजू घेणाऱ्या मोजक्या नावांत होऊ लागली. २०१८ मध्ये ४८ मिनिटांचे खेळाचे चित्रण दाखवण्यात आले, २०१९ मध्ये या गेममध्ये भूमिका करणारे हॉलिवूड अभिनेते किआनू रीव्ह्ज रंगमंचावर आले, आणि अपेक्षा अशा टोकाला गेल्या की प्रत्यक्षात कोणताही गेम त्या पुऱ्या करू शकला नसता.

तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. एप्रिल २०२० चे सप्टेंबर झाले, सप्टेंबरचे नोव्हेंबर झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम छपाईसाठी तयार असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा तीन आठवड्यांची मुदत मागितली. या शेवटच्या विलंबानंतर काही खेळाडूंनी विकसकांना चक्क जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या, आणि प्रकाशनाआधीच्या परीक्षणात दहापैकी सात गुण देणाऱ्या समीक्षिकेलाही शिवीगाळ सहन करावी लागली. ज्यांनी गेम पाहिलेलाही नव्हता, तेच त्याच्या बचावाला धावत होते. कंपनीने घाई केली हे खरे, पण त्या घाईला खेळाडूंच्या उतावीळपणाचेही इंधन मिळाले होते, हे नोंदवणे भाग आहे.

तरीही मुख्य दोष कंपनीकडेच जातो. प्रकाशनाआधी समीक्षकांना केवळ पीसीची आवृत्ती देण्यात आली. त्यांना स्वतः केलेले चित्रण दाखवण्याची मुभा नव्हती; कंपनीने पुरवलेली दृश्येच वापरायची होती. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, गेम कसा चालतो, हे विकत घेणाऱ्याला स्वतंत्रपणे कळण्याचा मार्गच उरला नव्हता. त्याआधी नोव्हेंबरमध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना, या जुन्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले होते. सर्व यंत्रे मिळून ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते.

पहिल्या दिवशी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी १० लाखांहून अधिक लोक हा गेम खेळत होते, आणि त्यांपैकी चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्यांचा अनुभव बहुतांशी आनंदाचा होता. पात्रे टी अक्षरासारखे हात पसरून उभी राहत आणि वस्तू हवेत तरंगत, पण ती मंडळी हसून पुढे जात होती. प्लेस्टेशन ४ वर मात्र गर्दीच्या चौकात सेकंदाला २० फ्रेमही मिळत नव्हत्या, समोर उभ्या माणसाचा चेहरा काही क्षण मेणाच्या गोळ्यासारखा दिसत होता, जाहिरातीत गजबजलेले रस्ते ओस पडलेले होते आणि गेम मध्येच बंद पडत होता. एकाच नावाखाली, एकाच वेळी, दोन वेगळ्या वस्तू विकल्या जात होत्या. म्हणूनच त्या आठवड्यात खेळाडूंची आपापसांतली भांडणे इतकी विचित्र वाटत होती: एकजण म्हणे की असे शहर कोणत्याही गेममध्ये पाहिलेले नाही, दुसरा म्हणे की मला शहरच दिसत नाही, आणि दोघेही खरे बोलत होते.

आपल्याकडच्या खेळाडूंच्या बाबतीत याला आणखी एक कंगोरा होता. प्लेस्टेशन ५ परदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये आला असला, तरी भारतात तो अधिकृतपणे २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या ज्या प्लेस्टेशनधारकाने हा गेम पहिल्या दिवशी घेतला, त्याच्यापुढे सरळ मार्गाने जुन्या यंत्राशिवाय पर्यायच नव्हता.

बिघाडाचे मूळही त्या जुन्या यंत्रातच होते. गेम जिथे घडतो ते नाइट सिटी हे शहर उभे-आडवे दाटलेले आहे. गाडी वेगात असताना पुढच्या गल्लीतल्या इमारती, माणसे आणि पाट्या यांची माहिती डिस्कवरून सतत खेचावी लागते. जुन्या कन्सोलमधील फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हा वेग झेपत नाही. १३ जानेवारी २०२१ रोजी कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी चित्रफितीद्वारे माफी मागताना हेच कारण सांगितले. मात्र आपल्या चाचण्यांत यांपैकी बरेचसे दोष दिसलेच नव्हते, असेही ते म्हणाले, आणि खेळाडूंना हे वाक्य सर्वाधिक झोंबले. ते झोंबणे रास्तच होते; जे घरी बसलेल्या माणसाला पहिल्या तासात दिसते, ते कंपनीला वर्षभरात दिसले नाही यावर कोण विश्वास ठेवणार?

पैसे परत करण्याचा प्रकार तर त्याहून गोंधळाचा होता. १४ डिसेंबर रोजी कंपनीने माफी मागून असमाधानी ग्राहकांना परतावा मागण्यास सांगितले. परंतु एकदा उतरवून घेतलेल्या गेमचे पैसे प्लेस्टेशन बनवणारी सोनी एरवी परत करत नसे, आणि त्यामुळे सुरुवातीला अनेकांना नकार ऐकावा लागला. अखेर १८ डिसेंबरला सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातूनच काढून टाकला आणि सर्वांना पैसे देऊ केले. इतक्या मोठ्या गेमवर अशी वेळ क्वचितच आलेली असेल. २१ जून २०२१ रोजी तो परत आला, तेव्हाही साध्या प्लेस्टेशन ४ वर अडचणी येऊ शकतात आणि प्लेस्टेशन ४ प्रो किंवा ५ वर खेळणे उत्तम, अशी सूचना सोबत होती. विक्रीला याचा फारसा धक्का बसला नाही: २० डिसेंबर २०२० पर्यंतच १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. या प्रकरणी अमेरिकेत झालेला दावा कंपनीने १८.५ लाख डॉलर देऊन मिटवला खरा, पण तो गुंतवणूकदारांनी केलेला होता, खेळाडूंनी नव्हे.

बग बाजूला ठेवले तरी काही उणिवा रचनेतच होत्या. रस्त्यावर गुन्हा केला की पोलीस तुमच्या पाठीशी शून्यातून प्रकट होत असत. ते गाडीने पाठलाग करत नसत, आणि दोन गल्ल्या पळून गेले की प्रकरण मिटत असे. रस्त्यात गाडी आडवी लावली तर मागची वाहने वळसा न घालता तिथेच उभी राहत. जॅकी वेल्स या मित्राशी नायकाची जुळलेली मैत्री तर काही क्षणांच्या जोडचित्रांत उरकलेली आहे, आणि ती आजही तशीच आहे; त्यामुळे पुढे त्याच्यावर ओढवणारा प्रसंग जितका लागायला हवा तितका लागत नाही.

याउलट जिथे लेखक थांबले, तिथे हा गेम पहिल्या दिवसापासून उत्तम होता. ज्यूडी ही गेममधली मैत्रीण तुम्हाला पाण्याखाली गेलेले तिचे गाव दाखवायला नेते, त्या प्रसंगात गोळी एकही सुटत नाही. पोहण्याचे पोशाख घालून दोघे खाली उतरतात, गाळात रुतलेली दुकाने आणि प्रार्थनाघर पाहतात, आणि ती लहानपणच्या आठवणी तुटक तुटक सांगत राहते. उजनीच्या पाण्याखालचे पळसदेवचे मंदिर ज्याने उन्हाळ्यात उघडे पडलेले पाहिले आहे, त्याला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अशा पाच-सहा कथानकांमुळेच, मला वाटते, अनेक खेळाडू रागावूनही या गेमपासून पूर्ण तुटले नाहीत.

दुरुस्तीला जवळजवळ तीन वर्षे लागली. फेब्रुवारी २०२२ मधील १.५ या पॅचने, म्हणजे दुरुस्ती-आवृत्तीने, नव्या कन्सोलसाठी वेगळी आवृत्ती दिली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये याच जगावरील अ‍ॅनिमे मालिका आली आणि जुने खेळाडू मोठ्या संख्येने परतले. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० आला, आणि पाठोपाठ फँटम लिबर्टी हे सशुल्क विस्तारकथानक. २.० मध्ये कौशल्यांची रचना नव्याने मांडली आहे, पोलीस आता खरोखरच गाड्यांतून पाठलाग करतात, आणि संरक्षण कपड्यांऐवजी शरीरात बसवलेल्या यंत्रभागांतून मिळत असल्याने केवळ आकडे चांगले म्हणून विदूषकासारखा वेश करून हिंडावे लागत नाही. फँटम लिबर्टीत इद्रिस एल्बा यांनी साकारलेला गुप्तहेर सॉलोमन रीड आहे, डॉगटाउन ही तटबंदीतली वस्ती आहे, आणि शेवटी कोणाची बाजू घ्यावी हा पेच असा आहे की कोणताही निर्णय स्वच्छ वाटत नाही. मूळ कथानकापेक्षा हे लेखन मला सरस वाटले. खेळाडूंनीही या दुरुस्तीच्या कामाला त्याआधीच दिलदारपणे दाद दिली होती: जुन्या गेमवर निगुतीने काम करत राहणाऱ्यांसाठीचा स्टीमचा २०२२ चा पुरस्कार त्यांनी आपल्या मतांनी याच गेमला दिला.

या कौतुकात एक गोष्ट हरवून जाते. जुन्या कन्सोलना मिळालेली शेवटची मोठी सुधारणा १.६ ही होती, २.० तिथे आला नाही, फँटम लिबर्टीही नाही. पीसीवरसुद्धा २०२० मध्ये किमान गरजांत चालणारी साधी हार्ड डिस्क २.० पासून बाद झाली आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेला वेगवान साठवण-भाग, आवश्यक ठरला. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय योग्यच आहे. परंतु ज्यांच्या यंत्रावर गेम सर्वाधिक मोडला होता, ज्यांच्या ओरड्यामुळे दुरुस्तीची सक्ती झाली, तेच ग्राहक दुरुस्त झालेल्या गेमच्या दारात अडवले गेले, आणि आत येण्याचे शुल्क म्हणजे नवे यंत्र. कंपनीने पापक्षालन केले असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच निम्माच सहमत आहे.

आज घेणाऱ्यांसाठी सांगायचे तर प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एसएसडी असलेला बऱ्यापैकी पीसी असेल, तर फँटम लिबर्टीसह येणारी अल्टिमेट आवृत्ती सवलतीच्या काळात निःशंक घ्यावी. २०२५ मध्ये ती निन्टेन्डो स्विच २ आणि मॅकवरही आली आहे. प्लेस्टेशन ४ वर आता नव्याने घेऊ नये. आणि ज्यांच्या कपाटात २०२० ची प्लेस्टेशन ४ ची डिस्क अजून पडून आहे, त्यांनी ती विकण्याआधी ध्यानात घ्यावे की डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर तिच्यावरून नवी आवृत्ती विनामूल्य मिळते. ड्राइव्ह नसलेले डिजिटल यंत्र घेतले असेल, तर मात्र त्या डिस्कचा उपयोग होणार नाही.