राइडसाठी एक हात की सहा पाय?

माझे मामा नागपूरच्या काटोल रोडवर संत्र्याच्या बागेत कृषी पर्यटन चालवतात. हुरडा, बैलगाडी, रेन डान्स आणि हिवाळाभर शाळांच्या सहली. यंदा त्यांना एक मोठी राइड बसवायची आहे. मी बुटीबोरीच्या कारखान्यात रोबोंच्या मेंटेनन्सला असल्यामुळे फोन मलाच आला. "काहून रे, तो रोबोटचा हात आपल्या इथं बसन काय? माणसं बसवून फिरवते म्हणते." त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता सहा पायांवर हलणाऱ्या छोट्या थिएटरचा. मामांशी जे बोललो ते इथे लिहितोय, कारण पैसे गुंतवायच्या आधी या गोष्टी कुणीतरी समोर मांडायला हव्यात.

हात म्हणजे कारखान्यातला सहा ॲक्सिसचा, म्हणजे सहा सांध्यांवर फिरणारा रोबोच. जर्मनीच्या कुका कंपनीने ५०० किलो वजन पेलणाऱ्या आपल्या रोबोच्या टोकाला दोन खुर्च्या लावून रोबोकोस्टर तयार केला. डेन्मार्कमध्ये बिलुंडच्या लेगोलँडात तो बसला तेव्हा किती जोरात फिरायचं हे बसणाऱ्याला आधीच निवडता येत असे. खांदा, कोपर, मनगट असे सांधे एकापुढे एक असल्यामुळे माणूस खरोखर उलटा होतो, आडवा होतो, गिरकी घेतो. रूळ लागत नाहीत. प्रोग्रॅम बदलला की राइड नवी.

सहा पायांचा प्लॅटफॉर्म म्हणजे ते छोटं थिएटर ज्यावर हलतं तो; राइडमध्ये तो विमानाच्या सिम्युलेटरमधून आला. स्ट्युअर्ट नावाच्या इंजिनिअरांनी १९६५ साली त्यावर निबंध मांडला आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. डिस्नेलँडमध्ये १९८७ ला सुरू झालेली स्टार टूर्स याच जातीची, एका डब्यात ४० माणसं. पाय थोडेसेच लांब-आखूड होतात, डबा थोडासाच कलतो. तरी आत बसलेल्याला वाटतं आपण सुसाट निघालो. कारण आपल्या कानातल्या तोलाच्या अवयवाला मागे कलणं आणि पुढे वेग घेणं यांतला फरक कळत नाही. समोर पडद्यावर यान झेपावतं, त्याच क्षणी डबा मागे कलतो, पाठ खुर्चीत रुतते आणि मेंदू ते मान्य करतो. मग डबा इतका हळू जागेवर येतो की कळतही नाही. मला स्वतःला हे तंत्र हाताच्या कोलांट्यांपेक्षा जास्त सुंदर वाटतं. मात्र पडदा आणि हालचाल यांचा मेळ जरा बिघडला की मळमळ सुरू होते, म्हणून फिल्म आणि मशीन एकाच पुरवठादाराकडून, जुळवून घेतलेलं असावं.

आता धंद्याचा हिशोब. हातावर दोन माणसं, दीड मिनिटाची राइड, चढणं, हार्नेस म्हणजे अंगावरचे पट्टे लावणं, तपासणं, उतरणं धरून चार मिनिटं. तासाला ३० जण. ५० पोरांची एक बस आली तर जवळपास पावणेदोन तास रांग. बारा खुर्च्यांच्या प्लॅटफॉर्मला एका फेरीला आठ मिनिटं धरली तरी तीच बस ४० मिनिटांत मोकळी होते. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये २०१० ला सुरू झालेल्या हॅरी पॉटरच्या राइडने ही अडचण सोडवली, पण चार-चार खुर्च्यांचे कितीतरी हात रुळावर चालते ठेवून. तो खर्च काटोल रोडचा नाही. त्या राइडला किमान उंची ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर लागते. अशीच अट तुमच्या हाताला आली तर सहलीतली दुसरी-तिसरीची बरीच पोरं खाली उभी राहून बघतील.

मग जमीन. नागपूरच्या आसपासची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एवढ्या क्षमतेचा रोबो नुसताच दोन टनांच्या वर असतो, आणि हात लांब करून झटका देतो तेव्हा बुडाशी उपटणारा जोर येतो. पाया मुरुमापर्यंत न्यावाच लागेल. प्लॅटफॉर्मलाही पाया लागतो, पण त्याचा भार सहा पायांत वाटला जातो. उन्हाचं म्हणाल तर कंट्रोल पॅनल साधारण ४५ अंशांपर्यंत चालेल असं धरून बनवलेलं असतं, आणि आपला मे महिना त्याच्या वर जातो. दोन्हींना एसी शेड हवी.

दुरुस्तीत हात मला जास्त भीती घालतो. आमच्या प्लांटमध्ये एका रोबोच्या दुसऱ्या ॲक्सिसच्या ग्रीसमध्ये धातूची चमक दिसली, गिअरबॉक्स बदलायचा ठरला आणि स्पेअर यायला कित्येक आठवडे गेले. लाइन दुसऱ्या रोबोवर ढकलून आम्ही निभावलं. मामांकडे दुसरा हात नसेल, आणि सहली तर डिसेंबर-जानेवारीतच येतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. मामांना कुणीतरी सुचवलं होतं की लिलावातला जुना रोबो घ्या आणि इथेच खुर्ची वेल्ड करून लावा. हे करू नका. कारखान्यातला रोबो सुरक्षित असतो कारण फेन्सिंगच्या आत कुणी जात नाही, दार उघडलं की तो थांबतो. राइडमध्ये माणूस थेट रोबोच्या मनगटावर बांधलेला असतो. त्यासाठी वेगावर दुहेरी पहारा, यांत्रिक अडसर, हार्नेस लागल्याचा सेन्सर हे सगळं मुळापासून वेगळं लागतं. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानक अम्युझमेंट राइडसाठीच आहे. पुरवठादार त्याचं नाव ऐकून गोंधळला तर चहा पाजून परत पाठवा.

म्हणून मामांना मी प्लॅटफॉर्म घ्यायला सांगितलं. शहरात, मॉलच्या थंड हवेत, तरुण गर्दीसाठी, दोन माणसांना जास्त तिकीट लावून कुणी हात बसवणार असेल तर माझं उत्तर वेगळं असेल. तिथे रस्त्यावरून दिसणारा तो हातच जाहिरात करतो.

काहीही घ्या, पण पैसे देण्याआधी एक चाचणी समोर उभं राहून करवून घ्या. खुर्च्यांत माणसाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या बांधा, राइड सुरू करा आणि मधेच मेन स्विच पाडा. मेच्या वादळात लाइट जाते तशी. हाताचे ब्रेक स्प्रिंगवर लागतात, त्यामुळे तो पडणार नाही, आहे तिथेच थिजेल, कदाचित खुर्च्या उलट्या असताना. त्या गोण्या जमिनीवर यायला किती मिनिटं लागतात आणि ते काम तुमचा रोजचा ऑपरेटर एकट्याने करू शकतो का, हे घड्याळ लावून बघा.