फटीग डेटा विकत मिळतोय? पैसे देण्याआधी हे तपासा

तांत्रिक माहिती विकण्याच्या नावाखाली होणारी फसवणूक बहुतेक वेळा अस्सल कागदापासून सुरू होते. एखाद्या मिश्रधातूचा ६०० अंश सेल्सिअसचा फटीग डेटा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण दिल्यावर धातू किती आवर्तनांनी तुटतो याचे आकडे, हवा असतो, तोही विशिष्ट हीट ट्रीटमेंट झालेल्या धातूचा. हँडबुकात खोलीच्या तापमानाचे आकडे असतात, शोधनिबंधात नुसता आलेख असतो आणि स्वतः चाचण्या करायला ना वेळ असतो ना निधी. अशा वेळी कुणीतरी कळवतं, "पूर्ण संच आहे, कच्च्या नोंदींसकट." वानगीदाखल दोन पानं येतात. त्यावर रिपोर्ट नंबर, नमुन्याचं रेखाचित्र, यंत्राचं वर्णन, सगळं जागच्या जागी. पैसे पोचले की उरलेला माल येतो: एक एक्सेल फाइल आणि काही पुसट स्कॅन. मेख अशी की ती दोन पानं एखाद्या सार्वजनिक अहवालातून उचललेली असतात आणि एक्सेलमधले आकडे त्या अहवालात कुठेच नसतात.

हे लगेच कळत नाही. आकडे गणितात बसतात, आलेख सुरेख येतो, पुढचं काम त्यावर उभं राहतं. परीक्षक जेव्हा विचारतो की नमुने कोणत्या हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेचे) होते आणि स्ट्रेस रेशो (किमान आणि कमाल ताणाचं गुणोत्तर) किती होता, तेव्हा शोधाशोध सुरू होते. तोवर विकणाऱ्याने हात वर केलेले असतात.

म्हणून आधी फाइलच उघडून पाहू, कारण बनावट डेटा सहसा स्वतःच बोलतो.

फटीगमध्ये पहिला पुरावा म्हणजे विखुरलेपण. एकाच ताणावर, एकाच सळईतून कापलेल्या नमुन्यांचं आयुष्य दुप्पट-तिप्पट वेगळं निघणं नेहमीचंच. फटीग लिमिटच्या (ज्या ताणाखाली नमुना सहसा तुटतच नाही त्या पातळीच्या) आसपास ते दहापट वेगळं निघालं तरी जाणकाराला नवल वाटत नाही. सगळे बिंदू शहाण्या मुलांसारखे रेषेवर बसलेले दिसले, तर ती रेषा आधी काढलेली आहे आणि बिंदू नंतर पेरलेले आहेत असं समजायला हरकत नाही. दुसरं, न तुटलेले नमुने, म्हणजे रनआउट, कुठे आहेत ते पाहा. १ कोटी आवर्तनांवर चाचणी थांबवायची रूढ पद्धत आहे आणि अशा बिंदूंवर आलेखात बाण असतो. बनवणारा हे बाण हमखास विसरतो.

मग वेळेचा हिशेब मांडा. २० हर्ट्झवर १ कोटी आवर्तनांना ५ लाख सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ ५.८ दिवस. संचात असे ४० रनआउट असतील तर एका यंत्रावर नुसत्या त्यांनाच २३० दिवसांहून जास्त लागतील. "एका महिन्यात एका यंत्रावर केलेल्या चाचण्या" असा दावा तिथेच कोसळतो. यंत्रं किती, हर्ट्झ किती, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी लेखी विचारावेत. खऱ्या प्रयोगशाळेला या प्रश्नांचा राग येत नाही.

क्रीपमध्ये, म्हणजे उष्णतेत स्थिर ताणाखाली धातू हळूहळू ताणला जाण्याच्या चाचण्यांत, हाच हिशेब वेगळ्या रूपात येतो. १०,००० तास म्हणजे सुमारे ४१७ दिवस. इतका धीर नसलेला माणूस तापमान आणि वेळ एकाच आकड्यात बांधणारा लार्सन-मिलर पॅरामीटर वापरतो: केल्व्हिनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा दहाच्या पायाचा लॉगरिदम). ८७३ केल्व्हिनला (६०० अंश सेल्सिअस) १०,००० तासांचा पॅरामीटर २०,९५२ येतो. तोच ९२३ केल्व्हिनला गाठायला फक्त ५०० तास पुरतात. म्हणजे ६५० अंशांवरची तीन आठवड्यांची चाचणी कागदावर ६०० अंशांवरचे १०,००० तास म्हणून खपवता येते. असं अनुमान काढणं गैर नाही, सगळेच काढतात. पण ते मोजलेल्या आकड्यांच्या रकान्यात घालणं ही फसवणूक आहे. शिवाय २० हा स्थिरांक प्रत्येक धातूला लागू पडतोच असं नाही.

रकान्याचं शीर्षक नुसतं "स्ट्रेस" असेल तर तिथेही पाणी मुरतं. स्ट्रेस रेशो ०.१ असताना कमाल ताण ४०० मेगापास्कल असेल, तर अँप्लिट्यूड (कमाल आणि किमान ताणातल्या फरकाचा निम्मा) १८० मेगापास्कल असतो. दोन्हीला लोक बोलताना "स्ट्रेस" म्हणतात. कोणता आकडा आहे हे न सांगणारी फाइल बनावट नसली तरी निरुपयोगीच, आणि डिझाइनमध्ये गेली तर धोकादायक.

हार्डनेसच्या (कठीणपणाच्या) तक्त्यात एक छोटी गंमत करता येते. पाच पूर्णांक रीडिंग घेतल्याचं लिहिलंय आणि सरासरी २१३.३ दिली आहे? ते शक्यच नाही. पाच पूर्णांकांच्या सरासरीचा दशांश .०, .२, .४, .६ किंवा .८ असाच येणार. २१३.३ ला ५ ने गुणलं तर १०६६.५ येतात आणि अर्धं रीडिंग कुणी घेत नाही. सरासरी आधी ठरवून तक्ता भरणारे इथे हटकून सापडतात. साध्या कार्बन स्टीलला आणखी एक पडताळा आहे: हार्डनेसच्या ब्रिनेल आकड्याला ३.४५ ने गुणलं की टेन्साइल स्ट्रेंग्थ (ओढून तोडताना सोसलेला कमाल ताण) मेगापास्कलमध्ये साधारण कळते. २०० ब्रिनेल म्हणजे ६९० च्या आसपास. तक्त्यात समोर ९५० असेल तर दोन्हीपैकी एक खोटं आहे. हा ठोकताळा ऑस्टेनिटिक स्टेनलेस किंवा निकेल मिश्रधातूंना मात्र लावू नये.

टेन्साइल टेस्टच्या कच्च्या नोंदी असतील तर सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार काढा. स्टीलला ०.१ टक्का स्ट्रेनवर (लांबीतल्या सापेक्ष वाढीवर) २०० ते २१० मेगापास्कल यायला हवेत. ६० आले तर नमुन्याची वाढ थेट मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावलेलाच नाही, क्रॉसहेडची (यंत्राच्या सरकत्या भागाची) हालचाल स्ट्रेन म्हणून लिहिली आहे. उलट प्रत्येक नमुन्याचा उतार तिसऱ्या अंकापर्यंत एकच आला तर तो सूत्राने काढलेला आहे. डेटा लॉगरचं रिझोल्यूशन मर्यादित असतं, त्यामुळे खरी रीडिंग ठराविक पायऱ्यांनी उड्या मारतात आणि शून्याजवळ लोड सेलची (भार मोजणाऱ्या सेन्सरची) थरथर दिसते. चौदा-चौदा दशांश आणि शून्यावर निवांत शांतता, हे संगणकात तयार झालेल्या आकड्यांचं लक्षण. एक्सेलच्या पेशींवर क्लिक करूनही पाहावं. क्वचित यादृच्छिक संख्येचं सूत्र पुसायचं राहून गेलेलं असतं. फाइल मॅक्रोसह असेल तर मॅक्रो सुरू न करताच हे सगळं करायचं.

कागदपत्रांत दोन गोष्टी सर्रास वापरून भुरळ घातली जाते. एक म्हणजे मटेरियल सर्टिफिकेट. ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे ३.१ प्रकारचं सर्टिफिकेट उत्पादकाच्याच पण उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाचं असतं, ३.२ वर ग्राहकाच्या किंवा त्रयस्थ तपासनिसाचीही सही लागते. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि चाचणी अहवालातला हीट नंबर जुळतो का, एवढंच पाहिलं तरी बरेच बनाव उघडे पडतात. दुसरी गोष्ट आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाचं अ‍ॅक्रेडिटेशन. ते प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ठराविक चाचण्यांच्या व्याप्तीसाठी मिळतं. हार्डनेस आणि रासायनिक विश्लेषणाची मान्यता असलेली प्रयोगशाळा फटीगच्या अहवालावर तोच लोगो छापते. व्याप्तीचं परिशिष्ट मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन वाचा, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोकॉपीवर नव्हे.

मानकांच्या बाबतीत फसवणूक जास्त साधी आणि जास्त महागात पडणारी असते. स्वस्तात मिळणारं "पूर्ण मानक" बहुधा जुनी आवृत्ती किंवा मसुदा असतो. धातूंच्या टेन्साइल टेस्टचं आयएसओ ६८९२-१ घ्या: २००९, २०१६ आणि २०१९ अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पानावरचं वर्ष खोडून नवं घालायला दोन मिनिटं लागतात. पण आयएसओच्या संकेतस्थळावर प्रत्येक मानकाचा टप्पा फुकट दिसतो: ६०.६० म्हणजे प्रकाशित, ९०.९३ म्हणजे पुनरावलोकनानंतर कायम, ९५.९९ म्हणजे मागे घेतलेलं. तिथल्याच ऑनलाइन ब्राउझिंग प्लॅटफॉर्मवर व्याप्ती आणि व्याख्यांची पानं वाचता येतात. विकत आलेल्या प्रतीतल्या व्याख्यांचे क्रमांक त्याच्याशी ताडून पाहिले की आवृत्ती लगेच कळते. नावात डीआयएस किंवा एफडीआयएस असेल तर तो मसुदा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकांच्या क्रमांकात शेवटी वर्ष असतं, कंसातलं वर्ष पुनर्मान्यतेचं आणि एप्सिलॉन असेल तर संपादकीय दुरुस्ती झालेली. दुरुस्तीपत्रकं चोरट्या प्रतींसोबत जवळपास कधीच येत नाहीत.

आणि स्कॅनवरून पुन्हा टंकलेल्या प्रती! दहाचा सहावा घात "१०६" होतो, मायक्रोचा म्यू "एम" होतो, अधिक-उणे चिन्हातला उणे गळतो, दशांश चिन्ह पुसट असलं तर आकडा दसपट होतो. टॉलरन्सच्या तक्त्यात असं झालं की नमुना चुकीच्या मापाचा कापला जातो आणि चूक चाचणी झाल्यावरच ध्यानात येते.

विमानांच्या धातूंच्या आकड्यांबाबत वेगळी हुशारी चालते. अमेरिकेच्या एमआयएल-एचडीबीके-५ या लष्करी हँडबुकाचं शेवटचं, म्हणजे ५जे, संस्करण २००३ चं. ते सार्वजनिक आहे, फुकट मिळतं. त्याच्या जागी एमएमपीडीएस हे हँडबुक आलं, ते विकत घ्यावं लागतं. जुन्या तक्त्यांना नवं मुखपृष्ठ चढवणं अवघड नाही. त्यातल्या आकड्याचा आधार विचारा: ए-बेसिस म्हणजे ९५ टक्के विश्वासाने ९९ टक्के नमुने त्या मूल्याच्या वर, बी-बेसिस म्हणजे त्याच विश्वासाने ९० टक्के. नुसतं "डिझाइन व्हॅल्यू" म्हणणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं, किंवा माहीत असून सांगायचं नसतं.

फुकटचा माल विकणं हा तर जुनाच धंदा. नाका ही नासाच्या आधीची अमेरिकी संस्था १९१५ ते १९५८ या काळात चालली आणि तिचे अहवाल नासाच्या तांत्रिक अहवालांच्या सर्व्हरवर कुणालाही उतरवून घेता येतात. एअरफॉइलच्या (विमानाच्या पंखाच्या छेदाच्या) डेटाचा १९४५ चा प्रसिद्ध रिपोर्ट ८२४ सुद्धा. तोच "दुर्मीळ संग्रह" म्हणून विकला जातो. पैसे मागितले की आधी रिपोर्ट नंबर विचारायचा आणि तो अवतरणचिन्हांत घालून शोधायचा. नंबर द्यायलाच नकार आला तर व्यवहार तिथेच संपवावा. पीएचडीचे प्रबंध लोक विसरतात, हे विशेष वाईट. निबंधात ज्या चाचण्यांचा फक्त आलेख येतो त्यांचे एकेक नमुन्याचे तक्ते प्रबंधाच्या परिशिष्टात असतात. लेखकाला साधा ईमेल केला तरी पुष्कळदा फाइल मिळते.

पेटंटमधून उचललेले आकडे मात्र जपून वापरायचे. युरोपीय पेटंट ऑफिसच्या एस्पासनेटवर आणि वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) पेटंटस्कोपवर पेटंट फुकट वाचता येतात, पण त्यातलं प्रत्येक उदाहरण करून पाहिलेलंच असतं असं नाही. अमेरिकी पद्धतीत न केलेला प्रयोगही उदाहरण म्हणून देता येतो. फक्त तो भूतकाळात लिहायला परवानगी नाही. "मिश्रण ८० अंशांवर ढवळलं" आणि "मिश्रण ८० अंशांवर ढवळलं जातं" यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक. डेटा विकणारे ही वाक्यं गाळून नुसता तक्ता देतात.

संदर्भांची फसवणूक थोडक्यात. डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) मिळाला की डीओआय डॉट ऑर्गवर स्वतः टाकून पाहा आणि शीर्षक, वर्ष, खंड, पहिलं पान ही चारही जुळवा. यंत्राने रचलेल्या संदर्भांत डीओआय चालतो, पण उघडतो भलताच लेख. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) बरोबर असणं पुरेसं नाही, कारण नक्कल केलेली नियतकालिकं खऱ्याचाच आयएसएसएन वापरतात. आयएसएसएन पोर्टलवर दिलेला पत्ता आणि तुमच्यासमोरचं संकेतस्थळ एकच आहे का ते पाहावं. पीअर रिव्ह्यूच्या (इतर तज्ज्ञांनी तपासल्याच्या) शिक्क्यावरही विसंबू नये: २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकाने एक मुद्दाम सदोष निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला, १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला.

इतकं करूनही डेटा घ्यायचाच असेल, तर एका नमुन्याची कच्ची फाइल आधी मागावी आणि तो नमुना आपण निवडावा. "सतरा क्रमांकाचा द्या" म्हटल्यावर तासाभरात फाइल येते का, की कारणं येतात, यावर बरंच ठरतं. पैसे हप्त्याने आणि परत मागता येतील अशाच मार्गाने द्यावेत. इनव्हॉइसवर "डेटा सर्व्हिसेस" असं मोघम न लिहिता धातू, नमुन्यांची संख्या, चाचणी पद्धत आणि तिची आवृत्ती लिहून घ्यावी, म्हणजे बँकेकडे तक्रार करताना काय मिळालं नाही ते दाखवता येतं.

फसवणूक झालीच असेल तर मूळ ईमेल हेडरसकट जपून ठेवावेत आणि फाइल न बदलता एक प्रत बाजूला काढावी. मग ते आकडे कुठे कुठे शिरलेत ते शोधायचं. त्यांच्यावरून काढलेले बास्किनचे (ताण आणि आयुष्य जोडणाऱ्या सूत्राचे) स्थिरांक, एफईएमच्या (संगणकीय ताण-विश्लेषणाच्या) मटेरियल कार्डातल्या, म्हणजे धातूच्या गुणधर्मांच्या फाइलमधल्या, ओळी, सेफ्टी फॅक्टरचा तक्ता, सादर झालेले मसुदे: प्रत्येक ठिकाणी फाइलचं नाव नोंदवून मूल्य काढून टाकायचं. मटेरियल कार्ड शेवटी ठेवू नये, कारण ते सहकाऱ्यांकडे कॉपी होऊन गेलेलं असतं आणि तिथे त्याचं मूळ नाव बदललेलं असतं.