जळलेला ॲम्प माझ्याच गाडीत परत आला

सबवूफरची (फक्त बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) आणि त्याला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरची, म्हणजे ॲम्पची, हौस माझीच, त्यामुळे पहिला दोष माझा धरा. पण पुढं जे झालं ते हौसेच्या पलीकडचं आहे म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी गाडीत कंपनीचाच स्टिरिओ ठेवून वरून सब आणि ॲम्प बसवलाय आणि आवाज मधेच बंद पडतोय त्यांनी तरी दुकानात जायच्या आधी वाचा.

बसवून आणल्यावर पहिले काही दिवस झकास. मग व्हॉल्यूम जरा वाढवला आणि बेसचा जोरात ठोका आला की सब गप्प, ॲम्पवर लाल लाइट, दोनचार सेकंदांनी परत चालू. दुकानवाल्याने गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी फोन, साहेब तुमचा ॲम्प जळलाय, रिपेअर होणार नाही, जुना आम्हाला द्या, फरकाचे पैसे भरा, वरचं मॉडेल टाकून देतो. मी विचारलं जळला कशाने, तर म्हणे कंपनीचा स्टिरिओ आहे ना, त्याचा करंट उलटा येतो. उलटा करंट! आणि मी हो हो करून पैसे भरून आलो, जळलेला ॲम्प दाखवा असं म्हणायचं पण डोक्यात आलं नाही.

नवा ॲम्प सीटखाली बसवला, वरून मॅट. आता बंद पडेना पण बेसच नाही, नुसती फुसफुस. विचारलं तर म्हणे नवीन आहे साहेब, मोकळा व्हायला वेळ लागतो. पंधरा दिवस मी मोकळा व्हायची वाट बघितली. मग मॅट वर करून बघतो तर गेनचा स्क्रू (येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारा) जवळजवळ शून्यावर. तो नेहमीच्या जागी आणला आणि पुन्हा तेच, ठोका, लाल लाइट, शांतता. म्हणजे याने काही दुरुस्त केलंच नव्हतं, आवाज कमी करून दिला होता!

परत गेलो तर आता स्टिरिओच बदला म्हणाला, आणि वर अल्टरनेटर वीक आहे, मोठी बॅटरी लागेल. कारण दरम्यान दुसरंच सुरू झालं होतं, दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारत नव्हता. तिथं मात्र मी मान डोलवली नाही, घरी आलो आणि मल्टिमीटर विकत घेतला. तोपर्यंत माझं इलेक्ट्रिकचं ज्ञान बल्ब बदलण्यापुरतं होतं हे सांगून ठेवतो.

आधी स्टिरिओचा निकाल लावला. कंपनीच्या स्टिरिओला मागं सहसा आरसीएची भोकं (ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या पिनांची सॉकेटं) नसतात, म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरीतून सिग्नल काढून कन्व्हर्टरच्या डबीतून ॲम्पला देतात. मी त्या डबीच्या आरसीए पिना उपटल्या आणि एका केबलने थेट मोबाइल लावला. मोबाइलवर पण आवाज वाढवला की तसाच बंद. झालं, स्टिरिओ निर्दोष. (काही गाड्यांत मूळ स्पीकर फाटू नयेत म्हणून व्हॉल्यूम वाढेल तसा स्टिरिओ स्वतःच बेस कापतो, तेव्हा मोठ्या आवाजात बेस पातळ होणं आणि ॲम्प बंद पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, दुकानदार दोन्हीला स्टिरिओ बदला हेच औषध देतो.)

मग इंजिन चालू ठेवून ॲम्पच्याच प्लस मायनसवर मीटर धरला. गाण्यात आकडा नाचतो, म्हणून मोबाइलवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावला. आवाज बंद असताना १३.९ व्होल्ट. वाढवत गेलो तसा १२, ११, मग १०.२, आणि त्याच्या थोडं खाली गेला की लाल लाइट. त्याच वेळी बॅटरीवर मात्र १३.८. मधले साडेतीन व्होल्ट कोण खातंय? लांब वायर जोडून बॅटरीचा प्लस ते ॲम्पचा प्लस मोजलं तर १.१. बॅटरीचा मायनस ते ॲम्पचा मायनस मोजलं तर २.५! चोर अर्थमध्ये होता. तो बोल्ट खोलून बघितलं तर याने वायर रंगावरच कसून टाकलेली, खाली पत्रा उघडा केलेलाच नाही, आणि बोल्टभोवती रंग भाजून तपकिरी झालेला.

उरलेला १.१ पॉवर वायरने खाल्लेला. वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड, कापली तर जाडी सगळी प्लास्टिकची. आतल्या तारा ब्लेडने खरवडल्या की तांब्याचा मुलामा निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. अशी वायर मिळते, स्वस्त असते आणि तांब्यापेक्षा करंट कमी वाहते, माझ्याकडून पैसे मात्र प्युअर कॉपरचे घेतलेले. (कथलाचा (टिनचा) मुलामा दिलेली खरी कॉपर वायर बाहेरून चंदेरी असते पण खरवडल्यावर आत लाल निघते, तेव्हा उगाच कुणाशी भांडू नका.) बॅटरीपाशी फ्यूज तर नव्हताच. हे वाचून माझ्यावर हसाल पण खरंच नव्हता, वायर बोनेटमधून सरळ आत. कुठं पत्र्याला घासून कापली असती तर ॲम्प राहू द्या, गाडी पेटली असती.

सेल्फ न मारण्याचं कारण रात्री सापडलं. गाडी लॉक केली आणि सीटखाली हिरवा उजेड दिसला. कंपनीच्या स्टिरिओला रिमोटची (ॲम्पला चालू-बंद व्हायला सांगणारी) वेगळी वायर सहसा नसते, ती इग्निशनच्या फ्यूजवरून घ्यावी लागते, या पठ्ठ्याने ॲम्पच्या प्लसवरूनच बोटभर तुकडा रिमोटला मारून दिला होता, म्हणजे ॲम्प चोवीस तास चालू. बॅटरीचा मायनस काढून मीटर मधे लावला (अँपिअरच्या सॉकेटमध्ये लीड घालून, आणि असा मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटर उडतो), तर ०.८ अँपिअर. बंद गाडीत साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला पाहिजे. दिवसाला एकोणीस अँपिअर अवर गेले तर ४५ ची बॅटरी किती टिकणार, आणि हा अल्टरनेटरच्या नावाने बोंब मारतोय.

आता मुख्य गोष्ट. मोजमाप करताना ॲम्प बाहेर काढलेला होता. वरच्या मॉडेलवर २४०० वॅट छापलेलं, जुन्यावर १२०० होतं. पण फ्यूज २० चे दोन, जुन्याला होते तेवढेच. ४० गुणिले १४ म्हणजे आत जाणार फार तर ५६० वॅट, बाहेर २४०० कुठून येणार? मॅक्स वॅट हा आकडा छापायला कुणाची परवानगी लागत नाही, बघायचं आरएमएस (ॲम्प सलग देऊ शकतो ती ताकद), आणि सीटीए २००६ या ॲम्पची ताकद मोजायच्या स्टँडर्डप्रमाणे मोजलेला असेल तर बरं, त्यात १४.४ व्होल्टवर डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) किती चालेल हे ठरवून दिलेलं असतं. हे गणित करत होतो आणि बोटाला स्टिकरचा कोपरा लागला. ॲम्प तापून तापून गोंद सुटला होता. नखाने ओढला, खाली १२०० वॅट आणि जुनाच मॉडेल नंबर. कडेच्या फिनवर पहिल्या दिवशी माझ्या हातून चावीचा ओरखडा पडला होता, तोसुद्धा जागेवर. माझाच ॲम्प मला विकला होता.

बोल्टखालचा रंग पॉलिशपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, रिंग टाकून कसला, खरी कॉपरची वायर ओढली, बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज टाकला, रिमोट इग्निशनवर घेतला. आता अर्थला ०.१ पण पडत नाही आणि तोच 'जळलेला' ॲम्प रोज वाजतोय.

स्टिकर आणि बिल घेऊन दुकानात गेलो. बिलावर फक्त 'ॲम्प अपग्रेड, १ नग', मॉडेल नंबर कुठंच नाही, हे मला तिथं काउंटरवर उभं राहून कळलं. त्याने स्टिकर अंगठ्याने चोळून बघितला आणि म्हणाला कंपनीकडूनच असे येतात साहेब. मी म्हणलं ओरखडा पण कंपनीकडूनच येतो का. जरा वेळ गप्प बसला, मग विचारतो, आता वाजतोय ना? मी म्हणलं वाजतोय.

"मग तक्रार काय आहे?"